दानातील ऋण

समाजाचा अभ्यास करणाऱ्या विद्यांविषयी व्यवहारी माणसाच्या मनात एक जुना संशय आहे. जे सर्वांना ठाऊकच असते तेच हे पंडित कोणालाही उमगणार नाही अशा भाषेत सांगतात, असे त्याला वाटते. श्रद्धावान माणसाचा आक्षेप याहून गंभीर आहे. व्रत, दान, तीर्थयात्रा, भजन यांची सामाजिक कारणे शोधत बसणारी दृष्टी त्या आचारांतील प्राण हरवून केवळ सांगाडा हाती देते, आणि ज्याला कारण कळले त्याला आचार करवत नाही, असे त्याचे म्हणणे असते. या दोन्ही आक्षेपांना तत्त्वतः उत्तर देता येईल. परंतु तत्त्वाच्या पातळीवर असले वाद कधी मिटत नाहीत, हाही अनुभव आहे. त्यापेक्षा विद्यापीठात जन्मलेली एकच संकल्पना घ्यावी, ती आपल्या माजघरात, देवळाच्या ओवरीत आणि शेतातल्या खळ्यावर नेऊन पाहावी, आणि तिच्या उजेडात पूर्वी न दिसलेले काही दिसते की नाही एवढेच तपासावे, हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. त्यासाठी मी देण्याघेण्याचा विषय निवडतो. कारण धर्माचा आणि व्यवहाराचा इतका निकट संबंध दुसरीकडे क्वचितच आढळतो, आणि निरपेक्ष दान माणसाला शक्य आहे काय, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून मनाशी बाळगलेला आहे.

लग्नघरातील एक देखावा महाराष्ट्रात कोणालाही अपरिचित नाही. मांडवाच्या एका कडेला सतरंजी टाकून वधूचा एखादा मामा किंवा ज्याचे अक्षर बरे आहे असा चुलतभाऊ वही उघडून बसतो आणि आलेल्या आहेराची नोंद करतो: अमक्यांकडून पातळ एक, तमक्यांकडून रोख एकशे एक, फलाण्यांकडून स्टीलचा डबा. कार्य आटोपले, पाहुणे पांगले, मांडव उतरला, तरी ही वही रद्दीत जात नाही. घराच्या कागदपत्रांबरोबर ती ट्रंकेत जपून ठेवली जाते, आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी वा दहा वर्षांनी त्या अमक्यांच्या घरी मंगलकार्य निघाले म्हणजे ती बाहेर येते. त्यांनी जे दिले त्याहून किंचित अधिक द्यावयाचे, कमी तर नव्हेच, हा नियम कोणत्याही सनदेत लिहिलेला नाही. तथापि सावकाराच्या खत-पत्रापेक्षा त्याचे पालन कडक होते. देणारा 'प्रेमाने दिले आहे, राहू द्या' म्हणतो, घेणारा 'कशाला एवढे केलेत' म्हणतो. दोघेही खरेच बोलतात, आणि वही दोघांनाही खोटे पाडत नाही. अलीकडे पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असे छापण्याची रीत पडली आहे. तीतही यजमानाच्या मनात निःस्पृहता किती आणि पुढल्या फेडीच्या तगाद्यातून सुटण्याची इच्छा किती, हे सांगणे अवघड आहे.

या परस्परविरुद्ध भासणाऱ्या व्यवहाराला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताला जाते. समाजशास्त्राच्या आद्य आचार्यांपैकी एक असलेल्या एमिल द्युर्केमचा हा भाचा. सिल्व्हाँ लेव्ही या थोर प्राच्यविद्यापंडिताकडे तो संस्कृत शिकला होता. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात त्याने जगाच्या परस्परांपासून दूर असलेल्या कोपऱ्यांतील वृत्तान्त एकत्र आणले. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२२ मध्ये ट्रोब्रिआंड बेटांवरील ज्या प्रथेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीत शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शिंपल्यांची कंकणे उलट दिशेने बेटाबेटांतून फिरत राहतात. कोणीही ती कायमची ठेवून घेत नाही आणि ती ज्याच्या हातून गेली त्याची कीर्ती मात्र त्यांच्याबरोबर प्रवास करते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जमातींत सरदार मोठे भोज घालून आपली संपत्ती वाटून टाकीत, प्रसंगी नष्टही करीत, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याहून अधिक वाटले नाही तर त्याची प्रतिष्ठा जाई. या उधळपट्टीचा अर्थ न कळलेल्या कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून कायद्याने ती बंद केली आणि १९५१ पर्यंत ती बंदी टिकली. या सर्व सामग्रीवरून मोसने असा सिद्धान्त मांडला की, स्वेच्छेने दिलेली वाटणारी भेट वस्तुतः तीन बंधनांनी बांधलेली असते: द्यावे लागते, घ्यावे लागते, आणि परत करावे लागते. यांपैकी पहिले आणि तिसरे बंधन आपल्या सहज ध्यानी येते. दुसऱ्याकडे, म्हणजे घेण्याच्या सक्तीकडे, लक्ष जात नाही. कारण मिळणारे घेणे ही सक्ती आहे असे आपल्याला वाटतच नाही. पुढील विवेचनात ते दुसरे बंधनच मला अधिक महत्त्वाचे वाटणार आहे.

आहेराच्या वहीचे कोडे या सिद्धान्ताने बरेचसे उलगडते. पण सगळे नाही. शेजारणीने वाटीभर खीर पाठविली तर ती वाटी रिकामी परत करू नये, हा संस्कार आपल्या घरांतून मुलींना आणि आता मुलांनाही अजून दिला जातो. परंतु ती वाटी त्याच संध्याकाळी, तितक्याच खिरीने भरून परत गेली तर शेजारीण संतोष पावणार नाही, दुखावेल. आपल्याशी कसलीही बाकी ठेवावयाची नाही असे या घराने ठरविले आहे, असा अर्थ ती काढील, आणि तो बहुधा खराही असेल. अल्जीरियातील कबाइल खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या पिएर बुर्द्यू यांनी या ठिकाणी काळाचे महत्त्व दाखविले. देणे आणि फेड यांच्यामध्ये जो अवधी जातो त्यातच भेटीचे भेटपण असते. अवधी काढून टाकला की उरते ती केवळ अदलाबदल. म्हणून स्नेहाच्या जमाखर्चात बाकी शून्यावर येणे हे संबंध संपल्याचे लक्षण ठरते. दोन घरे एकमेकांची काही ना काही देणेदार राहतात तोवर त्यांचे येणेजाणे चालू राहते. आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? मात्र ते ज्ञान हाताच्या सवयीत होते; विचाराच्या पुढे ते उभे राहिले ते या पंडितांच्या श्रमामुळे, आणि जे विचारापुढे उभे राहते त्याच्यावरच न्यायान्यायाचा प्रश्न विचारता येतो.

आता धर्माकडे वळू. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून उपकाराची फेड होणार नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य काळी, पात्र पाहून, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. प्रत्युपकाराच्या किंवा फळाच्या आशेने आणि मनाला क्लेश होत असता दिलेले ते राजस. अस्थानी, अपात्राला, अवज्ञेने दिलेले ते तामस. या कसोटीवर आहेराची वही सरळ राजसात जमा होते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी होऊन येतो असे सांगितले आहे. अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने ती ऋणे फेडावयाची असतात. म्हणजे एका वचनाप्रमाणे आपण जे देतो ते सारे फेडच असते, आणि दुसऱ्या वचनाप्रमाणे जे फेडीच्या साखळीत अडकत नाही तेच खरे दान असते. यादवांचा करणाधिप हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी'तील दानखंडात आणि आमच्या काळात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दानाचा जो अफाट विस्तार नोंदविला आहे, तो वाचताना या दोन प्रवाहांतील ताण सतत जाणवतो.

धर्मशास्त्राने आणखी एक गोष्ट पाहिली होती, आणि तिचे आश्चर्य अद्याप ओसरत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात प्रतिग्रहाचा, म्हणजे दान स्वीकारण्याचा, अधिकार असलेल्यानेही त्यात आसक्त होऊ नये, कारण त्याने त्याचे ब्रह्मतेज मावळते, असा इशारा आहे; अविद्वानाने घेतलेले दान तर त्याला लाकडासारखे जाळते. मृताच्या नावाने दिलेली शय्या किंवा शनीची पीडा टळावी म्हणून दिलेले तेल घेण्यास सहसा कोणी पुढे का येत नाही, याचे उत्तर या समजुतीत आहे: वस्तूबरोबर दात्याचे काही अशुभही हस्तांतरित होते. मोसने महाभारताच्या अनुशासनपर्वाचा आधार घेतला होता. पण हिंदू दानाला फेडीची अपेक्षा नसते ही गोष्ट आपल्या सिद्धान्तात नीट बसत नाही, हे त्यालाही जाणवले असावे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी काशीच्या घाटांवर मृत्युसंस्कारांची दाने घेणाऱ्या महाब्राह्मणांत राहून अभ्यास केला, आणि १९८६ मध्ये असे दाखविले की येथे फेड होत नाही, कारण ती होताच कामा नये. दानाबरोबर गेलेले पाप परत आले तर दान देऊन काय साधले? अशा रीतीने पॅरिसमध्ये घडलेला सिद्धान्त काशीच्या घाटावर दुरुस्त झाला. विद्येच्या संकल्पनांचा खरा मान येथे आहे. श्रुतिवचनासारखे त्यांना अबाधित राहावे लागत नाही. जीवनाने त्यांना खोडून काढले तरी त्यांचे काम झालेलेच असते, कारण खोडण्यासाठी का होईना, जीवनाकडे नीट पाहावे लागले.

परंतु पॅरींच्या महाब्राह्मणाने एक नवा प्रश्न उभा केला, आणि तो मोसच्या दुसऱ्या बंधनापाशी आपल्याला आणून सोडतो. ज्या दानाने घेणाऱ्याची हानी होते ते तो घेतो कशाला? त्याला नाकारता येत नाही म्हणून. या प्रश्नाचा माग महाराष्ट्राच्या इतिहासात काढता येतो.

तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली, आणि पर्वतीजवळच्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण ती घेण्यासाठी जमत. पेशव्यांचे राज्य गेल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ही रक्कम एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा उघडली ती या खात्याच्या पैशावर उभी राहिली. पुढे १८४९ मध्ये पुण्यातील काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पुढील पिढीत रानडे व भांडारकर यांच्यासारखे विद्वान 'दक्षिणा फेलो' झाले. रमण्यातील दक्षिणेत आणि फेलोच्या वेतनात पैसा एकाच झऱ्याचा होता; फरक एवढाच, की दुसऱ्यात घेणाऱ्याने मान लववावयाची नव्हती, त्याच्या विद्येचा तो हक्क समजला जात होता. दान हळूहळू हक्कात कसे रूपांतरित होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. पण हे रूपांतर कोणासाठी झाले? १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक त्याच कमिटीकडे पाठविले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या नवऱ्याला ब्राह्मणभोजनाच्या खर्चात कसे उतरविले जाते, हा त्या नाटकाचा विषय. म्हणजे भयाने काढलेले दान. कमिटीने ते स्वीकारले नाही. ज्या खात्याचे मूळच दानात होते त्याला दानाची चिकित्सा करणारे नाटक पात्र वाटले नाही, ही घटना एका कमिटीच्या पूर्वग्रहापुरती मर्यादित नाही. पात्र कोण हे नेहमी देणारा ठरवीत आला, आणि ज्याच्या घरातून खर्च वसूल झाला त्या कुणब्याची जबानी कोणी घेतलीच नव्हती.

याहून कठीण उदाहरण बलुत्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून खेड्याच्या संस्थेचे अंतरंग प्रथम तपशिलाने उघडे केले. सुगीच्या दिवसांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग हे खळ्यावर येत आणि आपापला वाटा नेत. याला दान म्हणावे की मजुरी, हक्क म्हणावे की भीक? कागदोपत्री तो वतनाचा हक्क होता. प्रत्यक्षात तो देणाऱ्याच्या लहरीवर आणि पिकावर अवलंबून होता, आणि घेणाऱ्याला विनवणीच्या स्वरात मागावा लागे. उत्तर हिंदुस्थानातील अशाच पद्धतीचा अभ्यास करणाऱ्या विल्यम वाइझर या मिशनरीला १९३६ मध्ये तीत परस्परसेवेचे एक सुसंवादी चक्र दिसले. १९५९ मध्ये टॉमस बायडेलमन यांनी त्याच चक्रात जमीनमालकाची सत्ता आणि सेवकाची असहायता दाखविली. पण या वादाच्या कितीतरी आधी तो प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात विचारला गेला होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचून सजातीय विवाहाचे बंधन हे जातीचे मर्म आहे असे प्रतिपादन केले होते. त्याच आंबेडकरांनी १९२८ मध्ये वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला सरकारी काम रात्रंदिवस करावे लागे, तो नसेल तर घरातील दुसऱ्याला जावे लागे, आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीचा. म्हणून बलुत्याऐवजी निश्चित वेतन असावे, असा त्यांचा आग्रह होता. विधेयक पुढे त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ चा. चर्चासत्रातील संकल्पना आणि खळ्यावरील पेंढी यांत अंतर किती, हा प्रश्न या एका आयुष्यापुढे फोल ठरतो. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, तेव्हा घेणाऱ्याची जबानी अखेर मराठी वाचकांपुढे आली.

तेव्हा निरपेक्ष दानाच्या प्रश्नाकडे आपण आता वेगळ्या बाजूने येतो. दात्याच्या मनात अपेक्षा होती की नव्हती हे शोधण्यात परंपरेने मोठी बुद्धी खर्च केली; पण मनाचा थांग दात्यालाही लागत नाही, आणि फळाची आशा सोडल्याचे समाधान हेही एक फळच असते. विनोबांनी या अडचणीतून एक मार्ग काढला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर देऊ केल्यानंतर जे आंदोलन उभे राहिले, त्यात ते याचक म्हणून उभे राहत नसत. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या, असे ते जमीनदाराला म्हणत. दात्याच्या अहंकारावर हा उपाय मार्मिक होता. तथापि मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळशी खडकाळ किंवा कज्ज्यातली निघाली, आणि ती ज्याच्या पदरी पडली त्याला तक्रार करण्याची सोय नव्हती. 'धर्माची गाय आणि दात का नाहीत' ही म्हण ज्या तोंडांनी वापरली जाते ती नेहमी देणाऱ्याच्या बाजूची असतात, याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

याउलट रक्तदानाचे पाहा. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये इंग्लंडातील स्वेच्छा रक्तदानाची आणि अमेरिकेतील रक्तविक्रीची तुलना करून, अनोळखी माणसाला दिलेली भेट आधुनिक समाजातही शक्य असते आणि बाजारापेक्षा ती अधिक सुरक्षितही असते, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेणे बंद झाले. शिबिरात पुढाऱ्याचा फलक असतो, दात्याला पिशवी किंवा डबा मिळतो, छायाचित्र निघते. गीतेच्या भाषेत बोलावयाचे तर राजस अंश त्यात आहेच. पण ज्याच्या शिरेत ते रक्त जाते त्याला दात्याचे नाव माहीत नसते, जात माहीत नसते, आणि आयुष्यभर कोणापुढे वाकावे लागत नाही. दात्याचा हेतू थोडा मलिन असूनही घेणारा मोकळा राहिला. उलट पंक्तीत बसवून, सर्वांदेखत, शुद्ध अंतःकरणाने वाढलेले अन्न कित्येकांच्या घशाखाली उतरलेले नाही. वाराने जेवून शिकलेल्या मागील पिढीतील माणसांच्या आठवणींत कृतज्ञतेच्या शेजारीच हा सल बसलेला दिसतो.

आरंभीच्या दोन आक्षेपांचे उत्तर एव्हाना मिळाले असावे. व्यवहारी माणसाला ठाऊक होते ते पहिले आणि तिसरे बंधन. दुसऱ्याचा विचार करावयास त्याला कोणी भाग पाडले नव्हते. श्रद्धावान माणसाला भीती होती ती ही, की कारण कळल्यावर देणे थांबेल. ते थांबण्याचे कारण नाही. वाटी भरूनच परत जाईल, ओवाळणी पडेल, अन्नछत्रे चालतील. मात्र देणाऱ्याला यापुढे आपल्या अंतःकरणाच्या शुद्धतेवर विसंबून स्वस्थ बसता येणार नाही. हे दान नाकारले तर समोरच्याचे काही बिघडेल काय, आणि घेतले तर त्याला माझ्यासमोर पूर्वीइतक्याच ताठ मानेने उभे राहता येईल काय, हे दोन प्रश्न त्याला स्वतःला विचारावे लागतील. नाकारण्याची मोकळीक जेथे आहे तेथेच स्वीकार हा स्वीकार असतो. जेथे ती नाही तेथे दानाचे रूप घेऊन सत्ता वावरते, मग दात्याने फळाचा संकल्प कितीही निष्ठेने सोडलेला असो. धर्मग्रंथांनी पात्रतेची परीक्षा मुख्यतः घेणाऱ्याची घेतली. ती देणाऱ्याचीही व्हावी, आणि तेथे परीक्षकाच्या जागी घेणारा असावा, इतके तरी या परकीय वाटणाऱ्या विद्येने आपल्याला शिकविले आहे. सात्त्विक दानाची कल्पना त्यामुळे खंडित न होता, ज्याच्यासाठी ती मुळात सांगितली गेली त्या माणसापर्यंत प्रथमच पोहोचते.